रूळ तर आहेतच, मग चाचणी कशाला?

प्रश्न: २०२४ मध्ये उन्हाळ्याआधी मुलीकडे फिलाडेल्फियाला होते. तिच्या घराजवळ जिरार्ड अव्हेन्यूवर भर रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत, पण चार वर्षं तिथे बसच धावत होती. एक दिवस बघते तर जुन्या घाटाची हिरवी ट्राम, आत प्रवासी कोणी नाही, चालत्या माणसाच्या स्पीडने चाललीय आणि बाजूने दोघंतिघं जण चालतायत, मधेच थांबून वाकून रुळात बघतायत. रूळ होते, तारा होत्या, मग सरळ सुरू का नाही करून टाकत?

उत्तर: ताई, तुम्ही बघितलीत ती १५ नंबरची लाइन. जानेवारी २०२० मध्ये गाड्या दुरुस्तीला काढायच्या म्हणून ट्राम बंद करून बस लावली, आणि ट्राम परत आली ती थेट जून २०२४ मध्ये. गाड्या १९४७ सालच्या, अर्थात आतून बऱ्याच नव्या केलेल्या, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की चाचणी त्या म्हाताऱ्या गाडीचीच असणार. गाडीची असतेच, पण मला विचाराल तर जास्त करून ती रस्त्याची असते.

तुम्ही म्हणता ना वाकून बघत होते, ते रुळाची खाच बघत असणार. रस्त्यातल्या रुळाला आतल्या बाजूने खाच असते आणि चाकाची कड त्यात बसून चालते. ट्राम रोज जात असेल तर चाकंच ती खाच साफ ठेवतात, ट्राम बंद झाली की त्यात माती, पाला, खडी, डांबराचे तुकडे असं काय काय जातं आणि वरून गाड्यांचे टायर ते ठोकून ठोकून इतकं घट्ट करतात की खरवडून काढावं लागतं. चाकाची कड अशा गठ्ठ्यावर चढली की गाडी रुळावरून उतरलीच, आणि वळणावर किंवा सांध्यापाशी तर हमखास, म्हणून तिथे सगळ्यात हळू.

दुसरं म्हणजे गंज. तो नुसता दिसायला वाईट असता तर प्रश्न नव्हता, पण ट्राम वरच्या तारेतून ६०० व्होल्ट डीसी घेते आणि तो करंट चाकातून रुळात उतरून परत जातो. रुळावर गंज-मातीचा थर असला की परतीची वाट तुटते, गाडी झटके खाते नाहीतर जागच्या जागी बंद पडते, आणि वाट पूर्णच तुटली तर गाडीची बॉडी लाइव्ह होऊन खाली उभं राहून हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. मग अशा वेळी आत प्रवासी भरून कोण नेईल?

वर तारेकडेही एकाचं लक्ष असतं. या गाड्यांना टपावर एक लांब दांडा असतो, त्याच्या टोकाचा कार्बनचा तुकडा तारेला घासत जातो. तार जरा सरकलेली असली, फांदी वाढलेली असली, किंवा तारांना जिथे फाटा फुटतो तिथे काही वाकलं असलं की दांडा निसटतो.

आता रस्त्याची गंमत. ट्रामला बाजूने काढता येत नाही! बसचा ड्रायव्हर स्टिअरिंग थोडं वळवून निघून जातो, ट्रामला एखादी गाडी दोन इंच जरी आडवी आली तरी बसा वाट बघत. याच लाइनवर १९९२ मध्ये ट्राम बंद झाली होती, नंतर परत आणायचं ठरलं, गाड्या तयार, रूळ तयार, पण डेपोकडे जाणाऱ्या ५९ व्या स्ट्रीटवर ट्राम जायची तर लोकांच्या पार्किंगची जागा जात होती, त्यावरून वाद पेटला आणि सर्व्हिस वर्षभराहून जास्त रखडून सप्टेंबर २००५ मध्ये एकदाची सुरू झाली. मला त्या लोकांचाही राग येत नाही, इतकी वर्षं मोकळा दिसणारा रूळ म्हणजे आपल्या दाराची जागा असंच वाटणार ना. तर चाचणीत हेही बघतात की कुठे नवा खांब आलाय, कुठे वळताना गाडीचा कोपरा पार्क केलेल्या गाडीच्या आरशाला लागतोय. सरळ रस्त्यावर हे कळत नाही, वळताना मात्र ट्रामचं नाक आणि शेपूट रुळाच्या बरंच बाहेर झुलतं.

प्रश्न (ताईंचाच पुढचा): मग दुसऱ्या गावाची चालू ट्राम आणून तपासून घ्यायची ना?

उत्तर: बसणारच नाही. नेहमीच्या रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर असतं, फिलाडेल्फियाच्या ट्रामच्या रुळांत साधारण १५८१.

प्रश्न: चाचणीच्या गाडीत आपल्याला बसू देतात का?

उत्तर: नाही हो. पण एक करा, पुढच्या वेळी कुठे बंद पडलेल्या लाइनवर चाचणी चालू दिसली तर रोज रुळाकडे बघा. आधी सगळा तांबूस असतो, मग मधोमध एक बारीक चंदेरी रेघ उमटते, ती रुंद होत जाऊन सगळा रूळ चकाकायला लागला की समजा आता गाड्या भरपूर फिरतायत, तिकिटाची चौकशी करायला हरकत नाही.