डच कागदातला ‘एमआय’ हार्ट अटॅकच असतो असं नाही

प्रश्न असा आहे: डच हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी इंग्रजीत करायची आहे. पेशंट आता घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला आलेत आणि ठाण्यातल्या कार्डिओलॉजिस्टना ती वाचायची आहे. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) भागात ‘एमआय ग्राड 2’ आहे, तर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन, ग्रेड 2’, म्हणजे हार्ट अटॅक, असं लिहायचं का?

नाही. इकोमधला डच एमआय म्हणजे मित्रालिस-इन्सुफिसिएन्सी, अर्थात मायट्रल झडपेची गळती. इंग्रजीत तो एमआर, मायट्रल रिगर्जिटेशन. याच न्यायाने एआय (एओर्टिक झडपेची गळती) होतो एआर आणि टीआय (ट्रायकस्पिड झडपेची) होतो टीआर. ग्रेड 2 जशीच्या तशी ठेवा. तिचं ‘माइल्ड’ किंवा ‘मॉडरेट’ आपल्या मनाने करू नका, ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण त्याच समरीत पूर्वेतिहासाच्या भागात ‘एमआय 2009’ असं दिसलं, तर तो खरंच इन्फार्क्शन असू शकतो. म्हणून आधी संक्षेप कोणत्या मथळ्याखाली आलाय ते बघा: व्हीजी म्हणजे पूर्वेतिहास, एलओ म्हणजे शारीरिक तपासणी, मग ईसीजी, मग इको. इन्फार्क्शनसाठी ओडब्ल्यूआय आणि व्हीडब्ल्यूआय हेही येतात. पहिला ‘ओन्डरवान्ड’चा, म्हणजे इन्फिरिअर (हृदयाच्या खालच्या भिंतीचा), दुसरा ‘फोरवान्ड’चा, म्हणजे अँटिरिअर (पुढच्या भिंतीचा). ‘लोअर वॉल’ लिहिलंत तर अर्थ कळेल, पण भाषांतर कच्चं दिसेल.

अनोळखी संक्षेप फारसा धोक्याचा नसतो, कारण तिथे माणूस थांबतो आणि शोधतो. घात करतात ते ओळखीच्या चेहऱ्याचे. शारीरिक तपासणीतली ही ओळ बघा: ‘आरआर 135/80, एचएफ 72, एएफ 14’. डचमध्ये आरआर म्हणजे रक्तदाब. 1896 साली रक्तदाबमापक मांडणाऱ्या इटालियन डॉक्टर रिवा-रोच्ची यांच्या नावाची ही आद्याक्षरं. एचएफ म्हणजे हार्टफ्रेक्वेन्त्सी, हृदयाचे ठोके. एएफ म्हणजे आडेमफ्रेक्वेन्त्सी, श्वासाची गती. इंग्रजीत ओळ होते ‘बीपी 135/80, एचआर 72, आरआर 14’. आरआर दोन्हीकडे आहे, पण जागा बदलून! जसंच्या तसं ठेवलं तर वाचणाऱ्याला हार्ट फेल्युअर (हृदय कमकुवत पडणं) आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) दोन्ही दिसतील, तेही पेशंटला नसलेले. आणि ईसीजीच्या भागातला एएफ मात्र बहुधा खरोखर एट्रियल फिब्रिलेशनच असतो.

सीव्हीडीचं तसंच. डचमध्ये तो मध्यवर्ती शिरेतला दाब, इंग्रजीत सीव्हीपी. तुमच्या कागदात असलेलं ‘सीव्हीडी आर-2’ म्हणजे उरोस्थीच्या कोनातून जाणाऱ्या संदर्भपातळीच्या 2 सेंटिमीटर खाली. आर म्हणजे काय ते टिपेत लिहा, इथे ती पद्धत सगळ्यांच्या सवयीची नसते. उलट ज्याला इंग्रजीत सीव्हीडी म्हणतात, त्या कार्डिओव्हॅस्क्युलर डिसीजला डचमध्ये एचव्हीझेड म्हणतात. ‘एलव्हीएफ खूट’ वाचून लेफ्ट व्हेंट्रिक्युलर फेल्युअर समजू नका. डाव्या कप्प्याचं कार्य चांगलं आहे, एवढंच ते सांगतंय.

अँजिओग्राफीच्या भागात हृदयाच्या धमन्यांची नावं येतात: आरडीए म्हणजे आपली एलएडी, आरसीएक्स म्हणजे एलसीएक्स, एचएस (होफ्डस्टाम) म्हणजे लेफ्ट मेन. ईसीजीत एलबीटीबी म्हणजे एलबीबीबी (लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक), व्हीईएस म्हणजे पीव्हीसी (खालच्या कप्प्यातून आलेला अवेळी ठोका). एक्स-ईसीजी हा एक्स-रे नव्हे, व्यायाम करताना काढलेला ईसीजी. तिकडे तो बहुतेक वेळा सायकलवर होतो आणि भार वॉटमध्ये लिहितात, म्हणून इथल्या सवयीने ‘टीएमटी’ (ट्रेडमिल टेस्ट) लिहू नका. एक्स-थोराक्स मात्र छातीचा एक्स-रेच. ‘खेडॉटर्ड’ म्हणजे फुग्याने धमनी रुंद केली. स्टेंटचा उल्लेख नसेल तर भाषांतरातही स्टेंट येता कामा नये. पीसीआय (फुग्याने किंवा स्टेंटने धमनी उघडणं), सीएबीजी (बायपास), आयसीडी (शरीरात बसवलेलं शॉक देणारं यंत्र) तसेच ठेवा. सीएजी (कोरोनरी अँजिओग्राफी) ठाण्यात चालेल. ब्रिटन-अमेरिकेतल्या ग्राहकासाठी पूर्ण शब्द लिहा.

कागद बेल्जियमचा असेल तर व्हीकेएफ भेटेल. व्ही दिसला की हात आपोआप ‘व्हेंट्रिक्युलर’ टाइप करतो. पण इथला व्ही ‘फोर’चा आहे: ‘कामर’ म्हणजे व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) आणि ‘फोरकामर’ म्हणजे एट्रियम (वरचा कप्पा), त्यामुळे हा एट्रियल फिब्रिलेशन. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालेल्याला तिथल्या तिथे शॉक द्यावा लागतो, तेव्हा एका उपसर्गाने केवढा फरक पडतो बघा.

औषधांच्या यादीत ‘1डीडी 50 मिग्रॅ’ म्हणजे दिवसातून एकदा 50 मिलिग्रॅम. पण तारखेआधी डीडी असेल तर ‘दिनांक’, आणि निदानांच्या यादीआधी असेल तर डिफरन्शियल डायग्नोसिस, म्हणजे शक्य असलेल्या निदानांची यादी. ‘झेडएन’ म्हणजे गरज लागल्यास. औषध कार्बासालाट-काल्सियम 100 मिग्रॅ असेल तर ‘ॲस्पिरिन 75’ करू नका. मूळ नाव आणि मात्रा ठेवा, हवं तर टिपेत ॲस्पिरिन-गटातलं असल्याचं लिहा.

आता आकडे. संक्षेप नीट उतरवूनही इथे गोची होते. डच दशांशचिन्ह स्वल्पविराम असतं, 3,5 चं 3.5 करा. हिमोग्लोबिन तिकडे मिलिमोल प्रतिलिटरमध्ये देतात. 8,5 म्हणजे सुमारे 13.7 ग्रॅम प्रति डेसिलिटर (गुणिले 1.61). एकक गाळून ‘एचबी 8.5’ लिहिलं तर पेशंट रक्तक्षयाचा ठरेल. मजकुरात मूळ आकडा आणि मूळ एकक ठेवा, रूपांतर चौकोनी कंसात अनुवादकाची टीप म्हणून. क्रिएटिनिनला मायक्रोमोलचा आकडा 88.4 ने भागा, एलडीएल कोलेस्टेरॉलला मिलिमोलचा आकडा 38.67 ने गुणा.

कामाची पद्धत: एक शीट उघडा आणि रकाने करा: डच संक्षेप, डच पूर्ण रूप, मथळा, इंग्रजी पूर्ण रूप, इंग्रजी संक्षेप. दुसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावू नका; बहुतेक चुका तिथूनच शिरतात. तोच संक्षेप दोन मथळ्यांखाली वेगळ्या अर्थाने आला तर दोन वेगळ्या ओळी करा, नाहीतर ‘सगळीकडे बदला’ देताच एएफ 14 चं काय होईल ते सांगायला नको. इंग्रजीत पहिल्या वेळी पूर्ण रूप लिहा, पुढे संक्षेप.

पूर्ण रूप सापडलंच नाही तर मूळ अक्षरं तशीच ठेवून शेजारी ‘मूळ संक्षेप, अर्थ अनिश्चित’ असं लिहा आणि पान-ओळीसह भाषांतराचं काम देणाऱ्या एजन्सीला कळवा. पत्राखाली लिहिणाऱ्या विभागाचा फोन असतो. पेशंटच्या मुलाला तिथे विचारता येईल.