सगळ्यांकडे शहाणा, माझ्याकडेच असा का?

"मॅडम, अंगणवाडीत विचारा, शेजारी विचारा, सगळे म्हणतात काय शहाणा पोर आहे, मग माझ्याकडेच असा का वागतो ओ?"

आईबापांना मुलांच्या वागण्याबद्दल सल्ला देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा आई असते, आणि विचारताना तिचे डोळे भरलेले असतात कारण तिनं त्याचा अर्थ आधीच लावलेला असतो, की आपणच आई म्हणून कमी पडतोय. म्हणून आज एका घराची गोष्ट लिहिते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात आणि त्या आईला विचारूनच लिहितेय.

दापोलीजवळच्या हर्णै बंदराच्या बाजूचं घर. बाबा बोटीवर तांडेल, बोटीवरच्या माणसांचा प्रमुख, म्हणजे सीझनमध्ये आठ-आठ दिवस समुद्रात. आई पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेते आणि दुपार टळेपर्यंत दापोलीच्या बाजारात बसून विकते. घरी आजी. आणि सव्वाचार वर्षांचा मुलगा, ज्याला घरात सगळे बाबल्या म्हणतात.

भांडण रोज एकाच वेळी, संध्याकाळी सातच्या आसपास. आई दमून आलेली, एका चुलीवर कालवण, दुसरीकडे तवा तापलेला, आणि बाबल्याला मोबाईल हवा. ती म्हणते नाही. तो कुरकुरतो. ती परत नाही म्हणते, जरा मोठ्यानं. तो रडायला लागतो, मग जमिनीवर लोळण, मग भांडी फेकणं, मग कधी ती त्याला एक धपाटा घालते, मग तो अजून किंचाळतो, मग आजी आतनं ओरडते की अगं पोराला मारू नकोस, आणि शेवटी पिठाच्या हातानंच ती फोन देते. "घे एकदाचा."

मी तिला विचारलं, फोन दिला की पुढच्या मिनिटाला काय होतं?

"गप होतो."

आणि तुम्हाला कसं वाटतं?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सुटल्यासारखं वाटतं ओ. भाकरी तरी थापता येते."

ह्या एका वाक्यात जवळपास सगळं आलं. बाबल्याला रडल्यावर फोन मिळतो हे तर सगळ्यांनाच दिसतं, लोक लगेच म्हणतात की तुम्हीच लाडावून ठेवलंय. पण त्याच क्षणी आईलाही काहीतरी मिळत असतं, शांतता. फोन दिला की डोक्यावरचा आवाज थांबतो, आणि माणसाचं मन असं आहे की ज्या गोष्टीनं त्रास थांबतो ती गोष्ट ते पुढच्या वेळी आपोआप करतं, विचार न करता. म्हणजे ती त्याला रडायला शिकवतेय आणि तो तिला फोन द्यायला शिकवतोय, दोघंही एकमेकांना रोज बक्षीस देतायत. दोघांपैकी कुणीही हे ठरवून करत नाही. आणि हे धडे आई आणि बाबल्या या जोडीचे आहेत. अंगणवाडीच्या ताईंबरोबर ते कधी झालेच नाहीत, म्हणून तिकडे तो शहाणा असतो.

हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची माणसं घराघरात जाऊन बसायची आणि आई काय बोलली, मूल काय करून गेलं, मग बाबा काय म्हणाले, हे एकामागून एक जसंच्या तसं टिपून घ्यायची. १९८२ साली त्यांनी हे चक्र सविस्तर मांडलं, की घरातली माणसं एकमेकांच्या त्रासदायक वागण्याला नकळत खतपाणी घालतात आणि प्रत्येक फेरीत दोघांचाही आवाज वाढत जातो. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, रिचर्ड बेल यांनी लिहिलं होतं की आईबाप मुलाला घडवतात एवढंच आपण बघत बसतो, मूल आईबापांना घडवतं ते कोण बघणार. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे पोर बिघडलं की बोट सरळ आईकडे जातं. शिवाय काही मुलं जन्मापासूनच जास्त चटकन रडणारी, बदल न सोसणारी असतात, आणि अशा मुलाबरोबर कुठलीही शांत बाई सहा महिन्यांत ओरडायला शिकते. तिच्या जागी मी असते तर मीही शिकले असते.

तिला मी उपाय लगेच सांगितला नाही. म्हटलं, घरी कालनिर्णय आहे ना भिंतीवर? त्याच्यावर आठ दिवस फक्त एवढंच लिहा की रडायला लागल्यापासून किती मिनिटांनी फोन दिला. ती पुढच्या वेळी पानच फाडून घेऊन आली. ४, १५, ६, २०, मग एक दिवस दिलाच नव्हता, मग ३, मग ११.

त्या वेळी जून लागला होता, मासेमारी बंद, त्यामुळे बाबाही आले होते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, आणि माझा अनुभव असा की ह्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातल्या घरांचं गणितच बदलतं, कारण दहा महिने जो माणूस येऊन-जाऊन असतो तो अचानक चोवीस तास घरात. ते खुर्चीच्या कडेला बसले होते, मनाविरुद्ध आलेत हे दिसत होतं. म्हणाले, "माझ्याकडे नाय करत तो. मी एकदा ओरडलो की गप."

मी विचारलं, तो तीन वर्षांचा होता तेव्हा किती मोठ्यानं ओरडावं लागायचं?

"तेव्हा नुसता बघितलं तरी पुरायचं."

आणि आता?

त्यांनी बायकोकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. ओरडण्याचंही तेच असतं. ओरडलं की मूल त्या क्षणी गप्प होतं, ते बक्षीस मोठ्या माणसाला मिळतं, म्हणून पुढच्या वेळी तो ओरडतोच, आणि मुलाला त्या आवाजाची सवय होत गेली की आवाज अजून चढवावा लागतो. डोळ्यांपासून सुरुवात झालेली गोष्ट दोन वर्षांत दाराच्या कडीपर्यंत पोचते, मग पट्ट्यापर्यंत. हे मी अनेक घरांत पाहिलंय आणि दरवेळी बाबांना वाटत असतं की आपली पद्धत चालतेय, कारण त्या क्षणापुरती ती चालतेच.

मग मी ते कालनिर्णयचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, बघा, कधी तीन मिनिटांत मिळतो, कधी वीस, एकदा मिळालाच नाही, मग त्याला कसं कळेल की आज मिळणार नाहीये? स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते, बटणावर टोचलं की दाणा मिळायचा, तो दर वेळी न देता कधीकधी दिला आणि नंतर बंद केला तर ती जास्त वेळ टोचत राहतात, चटकन सोडत नाहीत... मी एवढं बोलतेय तोवर ते बाबा सरळ होऊन बसले.

"म्हणजे आमच्यासारखंच की. तीन वेळा जाळं रिकामं आलं म्हणून कोण परत जातं काय? चौथ्यांदा टाकतोच ना आम्ही."

ह्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं आणि तेव्हापासून मी किनाऱ्यावरच्या सगळ्या घरांत हेच उदाहरण देते. रोज मासा मिळणाऱ्या माणसाला एक दिवस रिकामं जाळं आलं तर तो चक्रावतो, पण ज्याला कधी मिळतो कधी नाही तो वाट बघायला शिकलेला असतो. वीस मिनिटं रडून फोन मिळाला त्या दिवशी बाबल्या वीस मिनिटं टिकायला शिकला.

ठरलं ते असं. आई बाजारातून आली की आधी पंधरा-वीस मिनिटं त्याच्याजवळ बसायचं, हातपाय धुऊन, चहा घेत, तो दिवसभराचं जे सांगेल ते ऐकत, आणि मगच चुलीकडे जायचं, कारण खरं सांगायचं तर ते पोर दिवसभर आईची वाट बघत असतं आणि मोबाईल मागणं हा तिला आपल्याकडे वळवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग त्याला सापडलेला असतो. फोन रोज जेवण झाल्यावर वीस मिनिटं, अलार्म लावून, रडो वा न रडो. (जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, कमी तेवढं बरं असं म्हणून.) आणि त्याच्या आधी मागितला तर नाही. तोंडातून नाही काढायच्या आधी मनात विचारायचं की मी ह्यावर टिकणार आहे का. टिकणार नसाल तर सरळ पहिल्याच मागणीला हो म्हणा, त्यात काही हरत नाही आपण, फक्त रडण्याच्या टोकाला हो म्हणू नका.

हेही सांगितलं की पहिले काही दिवस तो जास्त रडेल. चालत आलेला उपाय एकदम चालेनासा झाला की माणूस आधी जोर वाढवून बघतो. नेमकं ह्याच दिवसांत आईबापांना वाटतं की हे काही खरं नाही, आणि ते सोडून देतात, आणि मग मूल त्या वाढवलेल्या जोराचीच सवय धरतं.

आणि इथे माझी चूक झाली. तिसऱ्या दिवशी बाबल्या इतका रडला की त्याला उलटी झाली, आणि आजीनं आतून येऊन फोन त्याच्या हातात दिला आणि सुनेला चार शब्द सुनावले. आईचा मला फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी घरातल्या दोन माणसांशी बोलून तिघांच्या घरासाठी ठरवलं होतं. आजीला मी एकदाही बोलावलं नव्हतं, जिच्याकडे पोर दिवसभर असतं.

पुढच्या आठवड्यात आजी आल्या, भर पावसात, छत्री बाहेर उलटी ठेवून. मी त्यांना फक्त विचारलं की तुम्हाला काय वाटतं. म्हणाल्या, "आमची पोरं रडायची तेव्हा आम्हाला बघायला वेळच नव्हता बाय. पाटी डोक्यावर घेऊन जायचो, पोर मागे रडत असायचं. आता नातवाचं रडणं बघवत नाय."

मी त्यांना सांगितलं की नुसतं रडत ठेवा असं नाही म्हणत, मांडीवर घ्या, पाठीवरून हात फिरवा, पाणी पाजा, जेवढी माया करायची तेवढी करा, पण फोन तेवढा नको. मायेनं मूल बिघडत नाही आजी. त्या म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं ना." बरोबरच होतं त्यांचं. ज्या घरात मुलाला रडताना एकटं ठेवायला सांगतात तिथं आजी मध्ये पडणारच, आणि पडायलाच हवं.

त्यानंतर दहा-बारा दिवस लागले. सगळं सरळ झालं असं नाही. पण एक गोष्ट अशी झाली की जी मी सांगितलीच नव्हती. बंदीच्या दिवसांत बाबा पडवीत बसून जाळी दुरुस्त करायचे, आणि फोन नाही म्हणून बाबल्या त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागला. आधी नुसता बसायचा, मग दोरा धरायला लागला, मग विचारायला लागला की हे भोक कुणी पाडलं, हा मासा केवढा होता. बाबा मुळात कमी बोलणारे. पण पोर डोळे मोठे करून ऐकतंय म्हटल्यावर ते दुसऱ्या दिवशी जास्त सांगायचे, सुरमईचं, वाऱ्याचं, इंजिन बंद पडलेल्या रात्रीचं. आई म्हणाली, आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली, एवढं बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. तेच चक्र होतं हे, तशीच देवाणघेवाण, आणि बापाला बोलायला शिकवलं ते पोरानं.

गणपतीत परत गडबड झाली. मुंबईहून चाकरमानी आले, घरात पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि आत्यानं पहिल्याच दिवशी "रडतोय बिचारा" म्हणून दिला. आईनं मला फोन केला की सगळं पाण्यात गेलं. गेलं नव्हतं. सणाचे दिवस सणासारखे जाऊ द्या, माणसं परतली की दुसऱ्या दिवसापासून तोच अलार्म लावा, एवढंच सांगितलं. ह्या वेळी तीन दिवस लागले.

ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगते. मूल बोलायला खूप उशीर करतंय, स्वतःला मारून घेतंय, डोकं आपटतंय, नीट झोपत किंवा खात नाहीये, किंवा सगळीकडेच असं वागतंय, तर हा लेख वाचून थांबू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तुमचाच हात आवरत नसेल, तर स्वतःसाठी या.

ती आई दिवाळीच्या आधी शेवटची आली. बाबा परत बोटीवर गेले होते. म्हणाली, रडणं अजून आहे, पण दोन-चार मिनिटांत संपतं, आणि आता त्यानं नवीनच काढलंय. काही मागितलं आणि ती नाही म्हणाली की तो रडायच्या आधी तिच्या तोंडाकडे नीट बघतो आणि विचारतो,

"आये, पक्का नाय, की थोडा नाय?"

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"मला थांबून विचार करावा लागतो ओ," ती म्हणाली. "परवा म्हटलं, थोडा नाय. तर म्हणाला, मग हो म्हण ना आताच."

आणि तिनं हो म्हटलं.