जावयाचा पूर्वज कसा शोधावा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असून जावई तिथलाच आहे. त्याच्या घराण्यातील एक पूर्वज इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता, असे विहीणबाई सांगतात आणि नातीला त्याचा माग काढायचा आहे. आमच्या दारी हेळवी येऊन वंशावळ वाचून दाखवतो. तिकडे अशी सोय नसताना सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : हेळवी मूळपुरुषापासून खाली वाचत येतो, आपल्या नातीने मात्र वडिलांपासून सुरुवात करून एकेक पिढी वर चढावे. आधी सैनिक गाठून मग त्याच्याशी नाते जुळवू पाहणारे नामसाम्याने फसतात. (आपल्याकडेही एका गावात चार मारुती पाटील निघतातच.) १८५०च्या जनगणनेपासून घरातील प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव मिळते. त्याआधीच्या सहा जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून इतरांची नुसती संख्या आहे, म्हणून तिथे मृत्युपत्रे, जमिनीचे दस्त आणि चर्चच्या नोंदी पाहाव्या लागतील.

हे युद्ध १७७५ ते १७८३ या काळात झाले. युद्धखात्याचे दप्तर १८००च्या आगीत जळाले आणि पुढे इतरत्र सापडलेल्या हजेरीपटांवरून सैनिकांच्या सेवानोंदी पुन्हा जुळवण्यात आल्या. पण त्यांतून नाव, हुद्दा आणि पलटण यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. माझ्या मते खरा ऐवज निवृत्तिवेतनाच्या अर्जांत आहे. १८३२च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्यांना वेतन मिळू लागले आणि त्यासाठी सत्तरी ओलांडलेले म्हातारे स्थानिक न्यायालयात जाऊन आपण कुठे जन्मलो, कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आणि कुठे लढलो, हे शपथेवर सांगू लागले. १८३६पासून विधवांनाही अर्ज करता आला. विवाहाचा पुरावा म्हणून काहींनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाहाच्या नोंदींची पानेच फाडून जोडली, आणि अशा एका पानावरून दोन पिढ्यांचा दुवा जुळू शकतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील अशा सुमारे ८०,००० फाइली इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

शपथेवरचे असले, तरी ते अर्धशतकानंतरचे कथन आहे. तारखा आणि अधिकाऱ्यांची नावे सेवानोंदींशी ताडून पाहावीत. अर्ज सापडला नाही, म्हणून तो लढलाच नाही असेही समजू नये, कारण कायदा होण्यापूर्वीच वारलेल्या आणि मागे विधवा नसलेल्या अनेकांची अशी फाइल तयारच झाली नाही.