राजवाड्याचे लाकडी मजले आणि मोहाखालचा जाळ

प्रश्न : आमच्या इंदूरचा राजवाडा तीन वेळा जळाला, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. तरीही तो आज उभा दिसतो. पुण्याच्या शनिवारवाड्याची मात्र जोती आणि तटबंदीच का उरावी? आम्ही स्वतः जुन्या लाकडी वाड्यात राहतो, म्हणून ही विचारणा. – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटल्याचा सूड म्हणून दौलतराव शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटग्यांनी १८०१ मध्ये इंदूर लुटले आणि जाळले, त्यात राजवाड्याचीही होळी झाली. दुसऱ्या मल्हाररावांच्या काळात तात्या जोगांच्या देखरेखीखाली तो पुन्हा बांधला गेला. पुढे १८३४ मध्ये आगीने लाकडी भागाचे नुकसान केले आणि १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत मागचा बराच भाग गेला. आज मागे दिसते ते काम पुष्कळसे नंतरच्या जीर्णोद्धाराचे आहे, हे तेथे फिरताना ध्यानात ठेवावे.

सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, ही या इमारतीची रचनाच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. वर कितीही जळाले तरी पुन्हा बांधायला भक्कम पाया आणि तीन मजल्यांच्या भिंती हाताशी राहतात. शनिवारवाड्याच्या मुख्य वास्तूत दगड जोत्यापर्यंतच होता. वरचे काम विटांचे आणि सागवानाचे असल्याने २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि तिने वरचे सारे नेले. संपूर्ण वाडा दगडी करण्याचा बाजीरावांचा विचार होता, पण दगडी महाल बांधण्याचा मान छत्रपतींचाच, अशी साताऱ्याकडून हरकत आली, असे परंपरेने सांगतात.

मात्र लाकूड म्हणजे जळणारच, असे समजून घाबरून जाऊ नये. जाड तुळई जळू लागली की तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या गाभ्याला बराच वेळ सांभाळतो; हा थर मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने आत सरकतो. धोका पातळ फळ्या, जाळीकाम, छतातील पोकळी आणि विशेषतः जिना यांचा असतो, कारण उघडा जिना धुराड्यासारखा वागतो. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, ती मुख्यतः धुराने गुदमरून, बाहेर पडण्याची वाट वेळेवर न मिळाल्यामुळे. आपल्या वाड्यात जिन्याखाली रद्दी, गॅसची टाकी किंवा दुचाकी ठेवली जात असेल तर ती आजच हलवावी आणि जुने विजेचे तार जाणकाराकडून तपासून घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : शहरांच्या आगी इतिहासात नोंदल्या जातात, वणव्यांचे तसे का होत नाही? मध्य प्रदेशातील जंगले उन्हाळ्यात इतकी का पेटतात? – एक वाचिका, इंदूर

उत्तर : आपली खंत योग्य आहे. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागो पेटले, त्यात सुमारे ३०० माणसे गेली आणि ती आग जगाला ठाऊक झाली. त्याच रात्री विस्कॉन्सिन राज्यातील पेश्टिगो या लाकूडधंद्याच्या गावावर वणवा आला आणि त्या परिसरात निदान १,२०० माणसे मेली. तारायंत्राची लाईनही जळाल्याने बातमी उशिराच बाहेर पोहोचली.

आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीवरच्या वाळलेल्या पाल्यातून पसरतो. फेब्रुवारीनंतर सागाची पाने गळून पडतात आणि मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाला पेटवतात. तो जाळ आवरला नाही तर रानात शिरतो. मोठी झाडे पुष्कळदा तगतात, पण त्यांच्याखालची रोपे, म्हणजे उद्याचे जंगल, करपून जाते. वनखाते त्यासाठी जाळरेषा काढते, म्हणजे पालापाचोळा साफ करून आगीला खाद्य न मिळणारा पट्टा ठेवते. १६६६ मध्ये लंडनला १३,२०० घरे जळाल्यावर आग थांबली, तेव्हा वारा पडण्याइतकाच घरे सुरुंगाने उडवून केलेल्या अशाच मोकळ्या पट्ट्यांचा उपयोग झाला होता. मोहासाठी तर याहून साधा उपाय आहे : झाडाखाली जाळी अंथरली की फुले तिच्यावरच पडतात, स्वच्छ राहतात आणि पाला पेटवावाच लागत नाही.