एसी लावला की डॅशबोर्डची स्क्रीन बंद पडते. एसीने इलेक्ट्रॉनिक्स बिघडते का?

एसी सुरू करताच मीटरचे दिवे मंद होतात आणि स्क्रीन काळी होऊन पुन्हा सुरू होते, तेव्हा एसी कमी वापरावा का आणि स्क्रीन बदलावी का, असे आपण विचारले आहे. स्क्रीन इतक्यात मुळीच बदलू नये. एसीचा ब्लोअर पूर्ण वेगात 20 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो, कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा विद्युतचुंबकी भाग) आणखी 3-4 अँपिअर घेतो, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना मंद गतीने चालू असले की अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) ताकद मुळातच कमी असते. अशा वेळी वीजपुरवठ्यात कुठेही कच्चा दुवा असला की तो सर्वांत आधी स्क्रीनवर दिसतो.

माझ्या गाडीत हेच घडत होते. वर्कशॉपने नवी स्क्रीन सुचवली होती, आणि आमच्या थोरल्या साडूंनी एसीच्या गारव्याने सर्किटे खराब होतात, हा आपला लाडका सिद्धांत भर जेवणात सगळ्यांना ऐकवला होता. मी इंजिन चालू ठेवून, ब्लोअर पूर्ण वेगात आणि हेडलाइट लावून, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी डॅशबोर्डमागच्या उघड्या धातूला लावली. तिथे 0.2 व्होल्टच्या आत आकडा यायला हवा; तो एक व्होल्टच्याही वर गेला होता, आणि ब्लोअर सुरू होतानाचा क्षणिक झटका तर असा मीटर नीट दाखवतही नाही. म्हणजे या दोहोंमधली जोडणी कच्ची होती. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडी अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडणारी तार, होती. वरून ती धडधाकट दिसत होती. बोल्ट काढल्यावर मात्र तिच्या टोकाच्या कडीखाली हिरवट-पांढरी भुकटी साचलेली निघाली. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्या, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले आणि स्क्रीन पुन्हा कधी बंद पडली नाही. साडूंनी याला योगायोग म्हटले.

त्यांच्यासारखे जे लोक इलेक्ट्रॉनिक्स वाचवण्यासाठी खिडक्या उघड्या टाकून घामाघूम प्रवास करतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे की उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो, आणि उष्णता हीच कपॅसिटरची आणि डिस्प्लेची खरी शत्रू आहे. एसी डॅशबोर्डमागच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्या थंड करतो. खिडकीतून येणारी धूळ आणि दमट हवा त्यांचे कोणते भले करते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

एवढे म्हणून झाल्यावर एक गोष्ट मान्य करायलाच हवी, की इव्हॅपोरेटरचे (हवा थंड करणाऱ्या एसीच्या जाळीचे) पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची नळी तुंबली, तर ते पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरते आणि तिथले कनेक्टर किंवा कंट्रोल मॉड्यूल गंजवते, म्हणजे तिथे एसीचे पाणी खरोखरच नुकसान करते. एसी चालू असूनही दमट हवेत गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर कार्पेट हाताने चाचपून पाहावे. एसी सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् असा आवाज येत असेल, तर क्लचच्या कॉइलवरचा डायोड (कॉइल बंद होतानाचा विजेचा झटका शोषणारा छोटा भाग) तपासून घ्यावा. बॅटरी जुनी असेल तर अर्थ तपासण्याआधी तिची लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करावी. आपली गाडी विजेवर चालणारी असेल, तर तिचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तिथे वरील तपासणी स्वतः करू नये आणि नारिंगी केबलींना हातही लावू नये.