आयुष्यात एकदा तरी पाहावीत, पण फारशी चर्चेत नसलेली जगातली ठिकाणं कोणती?

लांबलचक यादी देत नाही, तीनच ठिकाणं सांगतो. अशा जागा मागे राहतात त्या देखणेपणात कमी पडतात म्हणून नव्हे, तर तिथवरचा शेवटचा टप्पा कटकटीचा असतो म्हणून. तो नीट आखला की अर्धं काम झालं.

पहिलं स्वानेती. जॉर्जियाच्या उत्तरेला, कॉकेशसच्या उंच रांगांमधला हा भाग. इथल्या गावांत घराला खेटून दगडी बुरूज उभे आहेत, तीन ते पाच मजली. भिंतीची जाडी वर जावं तशी कमी होत जाते, म्हणून ते निमुळते दिसतात. खालच्या घरात एकाच दालनात माणसं आणि गुरं राहायची. हल्ला झाला किंवा भाऊबंदकी पेटली की कुटुंब बुरुजात शिरायचं. उश्गुली हे गाव आणि आसपासच्या या प्रदेशाला १९९६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मेस्तिया या मुख्य गावात एखादा बुरूज आतून चढून पाहता येतो. मजल्या-मजल्यामधलं भोक जेमतेम एका माणसापुरतं असतं, त्यामुळे पाठीवरची सॅक खालीच ठेवा, नाहीतर मध्येच अडकाल.

जायचं कसं? राजधानी तिबिलिसीहून झुगदिदी शहरापर्यंत रेल्वे, तिथून मेस्तियाला मार्श्रुत्का म्हणजे सामायिक व्हॅन, साधारण तीन-चार तास. ती वेळेवर नव्हे, भरल्यावर सुटते. छोटं विमानही आहे, पण डोंगरात ढग उतरले की ते रद्द होतं. म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच्या दुसऱ्याच दिवशी कधीही ठेवू नका. मध्ये दोन दिवस मोकळे हवेत. हंगाम जूनअखेर ते सप्टेंबर.

पायी जायची तयारी असेल तर मेस्तिया ते उश्गुली हा चार दिवसांचा, सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता घ्या. मुक्काम झाबेशी, अदिशी, इप्रारी असे, सगळे घरगुती निवासांत. तंबू लागत नाही. गाडं अडतं ते तिसऱ्या दिवशी. अदिशीच्या पुढे हिमनदीतून निघालेला प्रवाह ओलांडावा लागतो आणि तिथे पूल नाही. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि पाणी वाढतं, त्यामुळे सकाळी लवकर निघालेला माणूस सुखाने पलीकडे जातो आणि दुपारी पोहोचलेला काठावर बसून राहतो. हंगामात सकाळी तिथे घोडेवाले असतात; पैसे देऊन घोड्यावरून जाणं हा शहाणपणा आहे, लाज बाळगायचं कारण नाही. चालतच जायचं असेल तर अनवाणी नको, जुनी सँडल घाला. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकून टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठीचा आधार, आणि एका वेळी एकच पाऊल. पलीकडे सुमारे २,७०० मीटर उंचीची खिंड आहे. रोकड मेस्तियातच काढून घ्या. वाटेत मेंढपाळांचे दांडगे कुत्रे भेटतात; पळू नका, कळपाला लांबून वळसा घाला.

दुसरं ओह्रिद सरोवर, उत्तर मॅसेडोनिया आणि अल्बानियाच्या सीमेवर. दहा लाख वर्षांहून जुनं, २८० मीटरहून अधिक खोल, आणि इथले कितीतरी जीव जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. बहुतेक लोक ओह्रिद गावात फोटो काढून परततात. खरी गंमत दक्षिण टोकाला, सुमारे ३० किलोमीटरवर स्वेती नाउम मठापाशी आहे. शेजारचं प्रेस्पा सरोवर यापेक्षा जवळपास १५० मीटर उंचावर आहे. त्याचं पाणी मधल्या चुनखडीच्या डोंगरातून झिरपत येतं आणि इथे झऱ्यांतून वर येतं. वल्ह्याच्या होडीतून खाली पाहिलंत तर तळाची वाळू मंद आचेवर ठेवल्यासारखी उकळताना दिसते. सकाळी वारा पडलेला असताना जा, पाणी थरथरलं की तळ दिसत नाही. उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्येहून ओह्रिदला बसने तीन-साडेतीन तास लागतात. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट टाळा, जून किंवा सप्टेंबर उत्तम. मठापासून अल्बानियाची हद्द पायी गाठता येते, मात्र दोन्ही देशांचे व्हिसा नियम स्वतंत्र आहेत, ते आधी तपासा.

तिसरं थोडक्यात: उझबेकिस्तानातलं नुकुस. खिवा हे जुनं शहर पाहायला येणारे तिथूनच मागे फिरतात. नुकुसमध्ये इगोर सावित्स्की या चित्रकाराने १९६६ साली उभं केलेलं कलासंग्रहालय आहे. सोव्हिएत काळात नापसंत ठरलेली चित्रं मॉस्कोपासून इतक्या दूर, आडबाजूला असल्यामुळेच तिथे टिकली. तिथून सुमारे २०० किलोमीटरवर मोयनाक, अरल समुद्राचं एके काळचं बंदर. कापसासाठी नद्यांचं पाणी वळवलं गेलं, समुद्र मागे हटला आणि गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या. फसगत इथेच होते: लोक समुद्र पाहायला म्हणून मोयनाकला जातात, आणि पाणी शंभर किलोमीटरहून पुढे असतं. बोटी आणि संग्रहालय मिळून एक लांबलचक दिवस पुरतो. पाण्यापर्यंत जायचं असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह जीप, सोबत जाणता चालक आणि एक रात्र तंबूत, एवढं धरूनच ठरवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर.

तिन्हींपैकी एकच निवडायचं आणि हाताशी आठवडाच असेल, तर ओह्रिद. स्वानेतीला दहा दिवसांपेक्षा कमी वेळ घेऊन निघू नका.