थ्री नॉट थ्रीचे नंबर जुळत नाहीत, मग ती घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा दिसतो: तुम्हाला एक जुनी ली-एनफील्ड, म्हणजेच थ्री नॉट थ्री रायफल, मिळतेय. बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या भागाच्या) मागे दस्त्याला लागून जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर मुकुट, जी. आर. (राजा जॉर्जची आद्याक्षरं), बी. एस. ए. (बर्मिंगहॅमची बंदूक कंपनी) आणि १९१७ असं कोरलंय. पण बोल्टवरचा नंबर रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याच्या) नंबराशी जुळत नाही आणि मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) जरा पुढे लाकडात एक आडवा स्क्रू आहे. विकणारा म्हणतो, "सगळी ओरिजिनल आहे."

नाहीये. तो स्क्रूच सांगतोय. बी. एस. ए.च्या कारखान्यातून १९१७ साली निघालेल्या रायफलला तो नसतो. पुढचं लाकूड तडकू नये म्हणून तो आडवा घालायची पद्धत बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची. संग्राहक त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात. म्हणजे निदान लाकूड तरी भारतातून आलंय. आता संपूर्ण रायफलच भारतीय लष्कराच्या हातून गेलीय की कुणीतरी नंतर ते लाकूड चढवलंय, हे शोधायचं. किंमत त्यावरच ठरते.

नंबर पाच-सहा ठिकाणी असतात: रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर, तिथेच नळीवर, बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखाली, तोंडाकडच्या लोखंडी टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाला. भिंग घ्या आणि टॉर्च समोरून न मारता आडवा धरा, म्हणजे बुजलेले आकडेही सावलीने उठून दिसतात. लाकडावरचे आकडे बहुधा याच युक्तीने सापडतात.

नुसतं 'जुळतात का' एवढंच पाहू नका, कसे जुळतात ते पाहा. लष्करी आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) दुसऱ्या रायफलचा भाग लावायचा तेव्हा जुन्या नंबरावर रेघ मारायचा आणि शेजारी नवा ठोकायचा. त्याला लपवायचं काहीच नव्हतं. अशी रेघ दिसली तर मी खूश होतो. याउलट जुना आकडा घासून टाकलेला, तिथला पोलाद चपटा आणि शेजारच्यापेक्षा चकचकीत, वर नवे कोरे करकरीत आकडे, असं दिसलं की मी रायफल खाली ठेवतो. पहिलीतली भेसळ नोकरीत झालेली असते, दुसरीतली दुकानात. मला विचाराल तर प्रामाणिकपणे न जुळणारी रायफल खोट्या जुळणीपेक्षा कधीही बरी.

नळीवर तिचं स्वतःचं साल असतं, ते १९१७ च्या बरंच पुढचं निघालं तर दचकू नका. झिजलेली नळी बदलणं हे रोजचंच काम होतं. नळीवर 'नायट्रो प्रूफ' आणि '१८.५ टन्स' अशी अक्षरं दिसली तर त्याला लष्करी ठसा समजू नका. लष्कराने टाकून दिल्यावर नागरी विक्रीसाठी ब्रिटनमध्ये चाचणी झाली, त्याची ती खूण. दोन बाण (बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण) टोकाला टोक लावून असतील तर त्याचाही अर्थ सरकारी नोकरी संपली असाच. आणि डी. पी. अशी अक्षरं कुठेही दिसली तर ती कवायतीची रायफल. भिंतीवर शोभेल, तिच्यात गोळी भरू नका.

बोल्ट बदललेला आहे हे मात्र हलक्यात घेऊ नका. बोल्ट आणि नळी यांच्यातलं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते त्या-त्या जोडीप्रमाणे बसवलेलं असतं. नंबर ४ या नंतरच्या ली-एनफील्डच्या बोल्टहेडवर (बोल्टच्या पुढच्या टोकावर) ० ते ३ असे माप-आकडे असतात, तुमच्या जातीच्या रायफलीवर ती सोय नाही. हे अंतर मोजायचं गेज असलेल्या जाणकार गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय एकही काडतूस चढवू नका.

किंमत ठरवताना जाहिरातीतले आकडे विसरा. तो मागणाऱ्याचा मनोरथ असतो. लिलावात प्रत्यक्ष हातोडा पडलेले आकडे बघा, आणि तेही तशाच न जुळणाऱ्या रायफलींचे. सगळे नंबर जुळणाऱ्या १९१७ च्या रायफलीशी तुलना विकणारा करेल, तुम्ही करू नका. नळी आतून कशी आहे, पुढचं लाकूड अखंड आहे का, यालाही बोल्टच्या नंबराइतकंच वजन द्या. लाकूड कापून शिकारी रायफल केलेली असेल तर ती पूर्ववत करायला लागणारे सुटे भागच बहुतेक वेळा रायफलीपेक्षा महाग पडतात.

घेतलीत तर पॉलिशपेपर लांब ठेवा. मी माझ्या पहिल्या रायफलीचा दस्ता 'स्वच्छ' केला होता. दुपारभर घासला, संध्याकाळी तेल लावलं, छान चमकला. आधी काढलेल्या फोटोत उजव्या बाजूला एक फिकट गोल ठसा होता, तो नंतर कधीच दिसला नाही.

तोंडाकडची टोपी आणि लाकडाचा खालचा भाग यांचे फोटो टाकलेत तर भेसळ कधीची ते बऱ्यापैकी सांगता येईल. तोवर 'ओरिजिनल'चे पैसे देऊ नका.